धोका हजेरीपट पाहत नाही

कारखान्यातील खेळती हवा, पिण्याचे पाणी, यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावरचे आवरण, मुलांसाठी पाळणाघर या गोष्टी मालकांच्या औदार्यातून आल्या, असा समज सुशिक्षित समाजात अजून टिकून आहे. इतिहासाची साक्ष वेगळी आहे. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सिद्ध केले. रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती या मागण्यांबरोबरच, कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे व तो कायमचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी, अशीही त्यांची मागणी होती. सुट्टी 1890 साली पदरात पडली. नुकसानभरपाईच्या कायद्याला 1923 साल उजाडावे लागले.

स्वातंत्र्यानंतर 1948 च्या कारखाने अधिनियमाने आरोग्य, सुरक्षितता आणि कल्याण यांसाठी तीन स्वतंत्र प्रकरणे दिली. भोपाळच्या 1984 च्या वायुकांडानंतर, 1987 च्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियांची माहिती मिळण्याचा आणि सुरक्षा-व्यवस्थेत सहभागी होण्याचा हक्क कामगाराला मिळाला. प्रत्येक सुधारणेमागे अशी कोणाची तरी चिता आहे, याचा विसर पडू नये.

या कायद्याची खरी दुर्बलता मात्र त्याच्या व्याख्येत होती. विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा आणि विजेविना चालणाऱ्या ठिकाणी वीस कामगार असले, तरच सामान्यतः तो ‘कारखाना’ ठरे. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या नव्या संहितेने या मर्यादा अनुक्रमे वीस व चाळीस केल्या आहेत. नव्या संहितेत स्वागतार्ह असे काहीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र आणि ठरावीक वर्गांना वार्षिक मोफत आरोग्य तपासणी या तरतुदी मोलाच्या आहेत. परंतु जेथे यंत्रे जुनी, जागा अपुरी आणि कामगार असंघटित, त्या लहान शेडलाच कारखान्याच्या व्याख्येतून वगळणे म्हणजे रोग जेथे अधिक तेथून वैद्य मागे घेणे होय.

8 डिसेंबर 2023 रोजी पिंपरी-चिंचवडजवळ तळवडे येथे, वाढदिवसाच्या केकवर लावायच्या मेणबत्त्या बनविणाऱ्या एका शेडला आग लागली. त्याआधी 7 जून 2021 रोजी मुळशी तालुक्यातील उरवडे येथील रासायनिक कारखान्यात आगीने बळी घेतले होते. दोन्ही ठिकाणी मृतांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. दारू किंवा रसायन पेट घेताना हजेरीपटावर किती नावे आहेत हे पाहत नाही.

ज्यांच्या कामाला छप्परच नाही, त्यांची गोष्ट आणखी बिकट आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. उचल आधी घेतलेली असते आणि एक दिवस कामावर न गेल्यास खाड्याचा दंड पडतो. फडात शौचालय नाही, आडोसा नाही. बीड जिल्ह्यातील अनेक ऊसतोड स्त्रियांनी ऐन तारुण्यात गर्भाशय काढून टाकल्याचे 2019 मध्ये उघडकीस आले, तेव्हा शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. आजारपणाची रजा जेथे दंड ठरते, तेथे शरीराचा अवयव गमावणे हाच ‘स्वस्त’ उपाय ठरतो.

सुरक्षिततेमुळे उत्पादन महागते, हा युक्तिवाद अर्थशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. आवरण न बसविल्याने खर्च टळत नाही. तो फक्त दुसऱ्याच्या खात्यावर जातो. तुटलेल्या बोटाची किंमत कामगाराचे कुटुंब, सरकारी रुग्णालय आणि शाळा सोडून कामाला लागलेले मूल चुकते करतात. मालकाच्या ताळेबंदात त्याची नोंद नसते, म्हणून तो माल स्वस्त दिसतो. कामगाराचे आरोग्य हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात 1995 सालीच सांगितले आहे. मूलभूत हक्काला किमान पटसंख्येची अट कशी असू शकेल?

कार्यकर्त्यांनी या प्रश्नाकडे वेतनवाढीनंतरचा दुय्यम प्रश्न म्हणून पाहण्याची सवय सोडली पाहिजे. आपल्या भागातील लहान शेडची यादी करावी. बाहेर पडायला दुसरे दार आहे काय, प्रथमोपचाराची पेटी भरलेली आहे काय, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आहे काय, हे पाहावे. नेमणूकपत्राचा आग्रह सर्वप्रथम धरावा, कारण ज्याच्या हाती कागद नाही, त्याच्या वारसांना तो कामगार होता हे सिद्ध करण्यातच वर्षे घालवावी लागतात. आणि सरकारकडे एकच मागणी लावून धरावी: जेथे एकही माणूस दुसऱ्यासाठी धोक्याचे काम करतो, तेथे सुरक्षिततेचा कायदा लागू झाला पाहिजे. लोखंड्यांच्या निवेदनातील ती मागणी गिरणीच्या दारातून आत गेली. शेडच्या आणि फडाच्या दाराशी ती आजही उभी आहे.