नुसतं बघायला जायचंय

"वहां जाके अपन करना क्या?"

सासूबाईंचा हा प्रश्न गेले चार दिवस आमच्या घरात फिरतो आहे. झालं असं की, शाळेतल्या क्रीडाशिक्षकांनी सांगितलं, पुढच्या महिन्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सायकलिंगच्या ट्रॅक स्पर्धा आहेत, तिकीट नाही, कुणीही यावं. मी घरी येऊन सहज बोलले. धाकट्या लेकीनं, वय वर्षं चौदा, पुस्तकातून मान वर केली आणि "आपण जायचं?" असं विचारलं. गेल्या दीड वर्षात तिनं माझ्याकडे काही मागितलेलं नाही. त्यामुळे फार विचार न करता मी "जाऊ" म्हणून टाकलं, आणि मग अम्मांचा प्रश्न आला.

"करायचं काही नाही अम्मा. नुसतं बघायचं."

"बघायला? एवढं लांब?"

त्यांचं आश्चर्य खोटं नाही. आम्ही घरातले सगळे मिळून बाहेर पडतो ते लग्नाला, वलीम्याला, अकीक्याला, उरुसाला, दवाखान्यात कुणाला बघायला आणि वर्षातून दोन-तीनदा मॉलमध्ये. नवरा मित्रांबरोबर क्रिकेटची मॅच बघून आलेला आहे. मुलगा बॉक्स क्रिकेट खेळतो. पण सासूबाई, मी, दोन्ही मुलं आणि त्यांचे अब्बा असे पाचजण एखाद्या मैदानाच्या पायऱ्यांवर शेजारी शेजारी बसलो आहोत, असं वीस वर्षांच्या संसारात एकदाही घडलेलं नाही. मी ओळखीच्या आठ-दहा घरांत विचारलं. तिथंही हेच. कुणी मनाई केलेली नसते. पैशाचाही प्रश्न नसतो. 'हे आपलं ठिकाण नाही' असं कुणीतरी कधीतरी ठरवलेलं असतं आणि ते मोडावंसं कुणाला वाटत नाही.

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे दोन्ही भाषांतल्या शब्दांशी माझी रोजची झटापट असते. खेळ बघणाऱ्याला उर्दूत आपण तमाशाई म्हणतो. तमाशबीन म्हटलं की त्यात जरा वाईट वास येतो. मराठीत 'बघ्याची भूमिका' ही तर शिवीच झाली आहे. म्हणजे नुसतं बघणाऱ्याला दोन्हीकडे किंमत नाही. पण तमाशा या शब्दाचं मूळ अरबीतल्या 'चालणे' या धातूत आहे. मिळून चालणं, तिथून फारसीत फेरफटका, आणि फेरफटक्यात जे दिसतं ते बघणं, असा तो शब्द सरकत आपल्याकडे आला. घरच्यांनी मिळून बाहेर पडावं आणि काहीतरी बघावं, एवढा साधा अर्थ त्यात होता. तो आपण कुठे सांडला?

बेत कळल्यावर दिराचा फोन आला. त्यांचे आक्षेप दोन. पहिला कपड्यांचा: "वो लोगां तंग कपडे पहनके चलाते, लडकी को लेके जारे क्या?" ट्रॅकवरचे सायकलस्वार अंगाला चिकटलेला एकसंध पोशाख घालतात हे खरं आहे. हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून तो तसा असतो. मी त्यांना गावच्या उरुसातल्या कुस्त्यांची आठवण करून दिली. पुरुषाचा सतर नाभीपासून गुडघ्यापर्यंत, हे मदरशातलं लहान पोरगंही सांगेल. तरी लंगोट लावलेले पैलवान हौद्यात उतरतात तेव्हा आमच्याकडचे हाजीसाहेबसुद्धा पहिल्या रांगेत मांडी ठोकून बसलेले असतात आणि तो मसला तेव्हा कुणाला आठवत नाही. बघणारी मुलगी असली की मात्र आठवतो.

आणि धर्माचाच आधार हवा असेल तर सहीह बुखारीत आहे तो प्रसंग आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. ईदच्या दिवशी हबशी लोक मशिदीत भाल्या-ढालींचे खेळ करत होते आणि हजरत आयेशा (रजि.) पैगंबरांच्या (स.) खांद्याआडून ते बघत होत्या, त्यांचं मन भरेपर्यंत. पैगंबर (स.) तोवर उभे राहिले. बयानांमध्ये हा प्रसंग पत्नीशी कसं प्रेमानं वागावं यासाठी सांगतात, ते बरोबरच आहे. पण एक बाई खेळ बघते आहे, तिला तो आवडतो आहे आणि घरचा माणूस तिच्यासाठी थांबला आहे, हेही त्यात आहे की नाही?

दिरांचा दुसरा आक्षेप मात्र मला माहितीचा वाटला. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की यात जुगार असतो. अर्धं खरं आहे. केरिन नावाचा एक प्रकार आहे, तो 1948 साली जपानमध्ये सुरू झाला तो पैजा लावण्यासाठीच, आणि तिथं आजही त्यावर पैसे लागतात. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकपासून तो ऑलिंपिकमध्ये आहे. आपल्याकडच्या स्पर्धेत खेळाडूंना मिळालं तर पदक आणि प्रमाणपत्र मिळतं. त्याला जुगार म्हणायचं तर शाळेतली लिंबू-चमचा शर्यतही बंद करावी लागेल.

आता हा खेळ असतो कसा, ते सांगते, कारण अम्मांना समजावता समजावता मलाच तो नीट कळला. रस्त्यावरची सायकल शर्यत पुण्या-मुंबईच्या लोकांना नवी नाही. मुंबई-पुणे शर्यत आणि तिच्यातला 'घाटाचा राजा' लहानपणापासून ऐकलेला. पण रस्त्याच्या कडेला तास दोन तास उभं राहायचं आणि शेवटी दहा सेकंदांत रंगीत लोंढा निघून जायचा. घरच्या म्हाताऱ्या माणसाला आणि मुलांना घेऊन जायचं तर ट्रॅक बरा. तिथं सायकली पुन्हा पुन्हा समोरून जातात. वळणावर ट्रॅक बशीच्या कडेसारखा वर उचललेला असतो. दिल्लीच्या इंदिरा गांधी संकुलात 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधलेला 250 मीटरचा लाकडी ट्रॅक आहे, छताखाली. तसल्या ट्रॅकवर वळणाचा चढ 42 ते 45 अंशांचा असतो, म्हणजे जवळजवळ भिंतच. बालेवाडीचं संकुल 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं. तिथला ट्रॅक सिमेंटचा, उघड्यावरचा. सिमेंटचा ट्रॅक एवढा उभा नसतो, पण पहिल्यांदा बघणाऱ्याच्या पोटात गोळा यायला पुरेसा असतो म्हणे.

या सायकलींना ब्रेक नसतो. मागचं चाक आणि पायडल एकमेकांना बांधलेले, चाक फिरलं की पाय फिरणारच. हे सांगितल्यावर अम्मांना पहिल्यांदा रस वाटला. "ब्रेक नहीं? तो रुकते कैसे?" पायांनीच वेग कमी करत करत, चढाचा उपयोग करत. स्प्रिंटमध्ये तर उलटीच गंमत. दोघंजण असतात आणि सुरुवातीला दोघंही हळू चालवतात, कधी कधी जागच्या जागी तोल सांभाळत उभेच राहतात, कारण पुढे जाणाऱ्याला वारा फोडावा लागतो आणि मागचा त्याच्या आडोशानं येऊन शेवटी झडप घालतो. एलिमिनेशन तर आमच्या मुलाला लगेच कळली. ठरलेल्या फेऱ्यांनंतर जो शेवटी असेल तो बाद, संगीत खुर्चीसारखं. चौघांच्या सांघिक पर्सूटमध्ये दोन संघ समोरासमोरच्या बाजूंनी सुटतात आणि 4 किलोमीटर एकमेकांचा पाठलाग करतात. शेवटच्या फेरीला घंटा वाजते. एवढं माहीत असलं की बघायला बसता येतं.

लेकीनं मोबाईलवर शोधून मला मलेशियाच्या अझीझुलहस्नी अवांगचा व्हिडिओ दाखवला. तेरेंगानूमधला मुलगा, बुटका, म्हणून त्याला 'पॉकेट रॉकेटमन' म्हणतात. 2011 मध्ये मँचेस्टरला केरिनच्या अंतिम फेरीत तो कोसळला, ट्रॅकच्या लाकडाची वीतभर ढलपी त्याच्या पोटरीतून आरपार गेली, आणि तो उठून सायकलवर बसून तिसरा आला. पुढे 2016 च्या रिओत कांस्य, 2017 मध्ये जगज्जेता, टोकियोत रौप्य. आणि 2024 च्या पॅरिसमध्ये पुढच्या मोटरसायकलला वेळेआधी ओलांडलं म्हणून पहिल्याच फेरीत बाद. मी त्या शेवटच्या भागापाशी थांबले. नियम सगळ्यांना सारखा, हे माझ्या वर्गात मी कितीही ओरडून सांगितलं तरी इतकं पटणार नाही.

तिनं आपल्याकडचेही शोधले. मणिपूरचा रोनाल्डो सिंग, ज्यानं 2022 च्या आशियाई स्पर्धेत दिल्लीत स्प्रिंटचं रौप्य मिळवलं. अंदमान-निकोबारचा एसो अल्बेन. आणि आपल्या भंडारा जिल्ह्यातली ज्योती गडेरिया, जी आंध्रच्या अर्शद शेखबरोबर 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये ट्रॅकवर उतरली. "अम्मी, भंडारा म्हणजे महाराष्ट्रातच ना?" तिनं दोनदा विचारलं.

इथं मला थांबून एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर हा लेख अर्धा खोटा होईल.

ही मुलगी सातव्या वर्षी भावाच्या सायकलवर शिकली. मी स्वतः एक रुपया तासानं भाड्याची सायकल घेऊन, मधल्या दांड्याखालून पाय घालून शिकले होते आणि तेराव्या वर्षी माझ्या अम्मीनं "अब बस" म्हटलं. त्याचा राग माझ्या मनात आजही आहे. अशा बाईनं काय करावं? दीड वर्षापूर्वी जिन्यात एक शेजारीण सहज म्हणाली, "बच्ची बडी हो गई अब." त्या रात्री मी लेकीला सांगितलं, अब बस. तेच दोन शब्द. नवऱ्यानं सांगितलं नव्हतं, सासूबाईंनी तर नाहीच. सायकल तीन महिने पार्किंगमध्ये धूळ खात पडली, मग माझा भाचा घेऊन गेला. ती रडली नाही, भांडली नाही. तेव्हापासून तिनं मागणं बंद केलं.

परवा मी आठवीच्या वर्गात विचारलं, सायकल कुणाकुणाला येते? जवळजवळ सगळ्या मुलींचे हात वर. आता कोण कोण चालवतं? तीन हात. बाकीच्या मुलींच्या घरांतून कुणी फतवा काढला असेल असं मला वाटत नाही. माझ्यासारख्याच आया असणार, जिन्यात काहीतरी ऐकलेल्या.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की खेळात आपल्या मुली का नाहीत यावर परिसंवाद घेण्याआधी आपण घरच्यांनी एकदा पायऱ्यांवर जाऊन बसावं. मुलीला तिच्या वयाची दुसरी मुलगी पूर्ण वेगानं जाताना दिसणं आणि तेव्हा आई, आजी, बाप शेजारी बसलेले असणं, यात फरक पडतो. ती एकटी मोबाईलवर बघते तेव्हा ते तिचं एकटीचं चोरटं वेड असतं. बालेवाडीहून आल्यावर ती सायकलपटू होईल असा माझा हिशेब नाही. भाच्याकडून सायकल परत आणायची का, असं नवऱ्यानं विचारलं. मी अजून हो म्हटलेलं नाही. खरं सांगायचं तर मुलीसमोर ते म्हणायची लाज वाटते.

भीतीही आहे. काही वर्षांपूर्वी एका मैदानाच्या दारावर पहारेकऱ्यानं माझी पिशवी दोनदा उघडली आणि मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात नकाब काढायला सांगितलं. तपासायला बाईमाणूस नव्हतं. मी काढला, आत गेले, आणि मॅच कुणाची होती ते मला आज आठवत नाही. नवरा म्हणतो, म्हणूनच पहिल्यांदा आपण लवकर जाऊ, गर्दी व्हायच्या आत. मी म्हणते ठीक आहे, पण मागच्या कोपऱ्यात बसायचं नाही.

आमचा बेत साधारण असा ठरलाय. जुम्मा नको, रविवार. सकाळी प्राथमिक फेऱ्या, संध्याकाळी अंतिम, मधल्या वेळात जोहर पढून जेवण. कोंढव्याहून दोन बस, परतताना अंधार होईल म्हणून रिक्षा. जानमाज दोन, पाण्याच्या बाटल्या भरपूर, कारण उघड्यावर ऊन लागणार. शामी कबाब आणि चपात्या. सालन नको, सांडतं. छत्री नाही, मागच्यांना दिसत नाही, त्यापेक्षा सुती ओढण्या. पाऊस आला तर शर्यती थांबतात, ओल्या सिमेंटवर चाक टिकत नाही, तेव्हा आदल्या रात्री फोन करायचा. बसायचं शेवटच्या रेषेच्या आसपास, पण थोडं वर; मुलाला वळणाजवळ जायचं असेल तर जाऊन यावं, कठड्यावर लोंबकळू नये. शर्यत सुटताना गप्प राहायचं. त्यानंतर कितीही ओरडा.

काल रात्री अम्मा भांडी आवरता आवरता म्हणाल्या की गुडघ्यांमुळे त्यांना दगडी पायरीवर दिवसभर बसवणार नाही. मला वाटलं, आता ही नाही म्हणायची तयारी. पण त्या पुढे म्हणाल्या, "टेकने को कुछ है क्या वहां, पूछ ले." आज मधल्या सुट्टीत क्रीडाशिक्षकांना ते विचारायचं आहे. शिवाय त्यांना हेही हवंय की ती घंटा वाजते ती नेमकी कोण वाजवतं.