सोरायसिस आणि सोयरीक

"पोरगी चांगली आहे, पण बापाच्या अंगावर खवले आहेत." नांदेडकडच्या मुदखेड, भोकर, उमरी या पट्ट्यात एवढ्या एका वाक्यावर जुळत आलेली सोयरीक मोडते. मोडणारा अडाणीच असतो असे नाही. पुष्कळदा बैठकीत आयुर्वेद वाचलेला एखादा पाहुणा असतो आणि तो शास्त्राचा हवाला देतो. सुश्रुताने कुष्ठाला आदिबलप्रवृत्त म्हटले आहे, म्हणजे शुक्र-शोणिताच्या दोषातून येणारा रोग. चरकाने कुलज विकारांना असाध्य ठरवले आहे. सोरायसिस हा संहितांतल्या अठरा कुष्ठांपैकी एककुष्ठाशी किंवा किटिभाशी जुळतो. एककुष्ठाचे तर माशाच्या खवल्यांसारखे हेच वर्णन आहे. मग नियम त्यालाही लागू. देखत्या डोळ्यांनी विहिरीत उडी कशाला घ्यायची?

हा पूर्वपक्ष हलका नाही. दोन्ही वचने ग्रंथांत आहेत आणि ती नाकारून वाद जिंकता येणार नाही. पण ज्याने वचन काढले त्याने पुढची-मागची पानेही उलटायला हवी होती.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात, तिसऱ्या अध्यायात, भरद्वाज संहितेतले गुरू आत्रेय यांना नेमका हाच प्रश्न विचारतो. माणसापासून माणूस जन्मतो, तर आंधळे, मुके, कुबडे, कुष्ठी यांची मुले आईबापांसारखी का होत नाहीत? प्रश्नाचा रोख पाहा. अशी मुले आईबापांसारखी निपजत नाहीत, हे तो रोजच्या अनुभवातले म्हणूनच धरून चालतो. आत्रेय उत्तर देतात की बीजातला ज्या अवयवाचा भाग बिघडलेला असेल त्या अवयवात विकृती येते, आणि तो भाग बिघडलेला नसेल तर येत नाही. सोयरीक मोडणारे या उत्तराचा पहिला अर्धा भाग पाठ करतात आणि दुसरा गिळून टाकतात. बाप रोगी म्हणून बीज रोगी, असा हिशेब आत्रेयांनी कुठेच मांडलेला नाही. सुश्रुतसुद्धा अपत्याच्या कुष्ठाविषयी बोलताना शुक्र-शोणित दूषित झालेले असण्याची अट घालतो.

आजचे विज्ञान वेगळ्या वाटेने जवळपास तिथेच पोचते. सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलए-सी जनुकाचा एक विशिष्ट प्रकार सोरायसिसशी जोडलेला आहे, तरी तो अंगात असलेल्या बहुतेकांना हा रोग आयुष्यात होत नाही. एका पालकाला असल्यास मुलाला होण्याची शक्यता वेगवेगळ्या पाहण्यांत १४ ते २८ टक्के निघाली आहे. एकाच बीजातून झालेल्या जुळ्यांतही एकाला असताना दुसरा पुष्कळदा निरोगी राहतो. यावरून चरकाला डीएनए ठाऊक होता असा जयजयकार करणाऱ्यांच्या मिरवणुकीत मात्र मी नाही. त्याच्याजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता. डोळे उघडे होते आणि विरोधी प्रश्न ऐकून घेण्याची शिस्त होती, हे पुरे आहे.

आता "कुलज म्हणजे असाध्य" या वचनाकडे. ते चिकित्सास्थानाच्या सहाव्या, प्रमेहाच्या अध्यायात आले आहे. सूत्रस्थानात चरकानेच असाध्याचे दोन प्रकार केले आहेत. एकात उपचाराला जागाच उरत नाही. दुसरा याप्य, म्हणजे पथ्य आणि औषध चालू असेतो ताब्यात राहणारा. असाध्य शब्द ऐकताच हात झटकणाऱ्याने हा दुसरा प्रकार वाचलेला नसतो. आणि प्रमेहाचा अध्याय संपताच सातवा येतो तो कुष्ठचिकित्सेचाच. कुळातून आलेल्या कुष्ठापुढे हात टेकायचे असते, तर आदिबलात कुष्ठाचे नाव घेणाऱ्या सुश्रुतानेही त्याच्या चिकित्सेवर अध्याय खर्ची घातले नसते.

याच्या उलट टोकाचा दुसरा पक्ष भिंतींवर रंगवलेला दिसतो: सोरायसिस मुळापासून बरा, खात्रीशीर. हे लोक बीजदोषाचे नावच घेत नाहीत. सगळा दोष दूध-मासे, दही आणि दिवसाच्या झोपेवर टाकतात. पण बीज बदलण्याची विद्या कोणाकडेच नाही. दूध-मासे एकत्र खाल्ल्याने सोरायसिस होतो याला पुरावा नाही, आणि संहितेत आहे म्हणून मी तसे सांगणार नाही. संहितेतल्या कुष्ठाच्या कारणांच्या त्याच यादीत पापकर्मही आहे. बापाच्या खवल्यांवरून त्याचे चारित्र्य जोखणाऱ्या कुजबुजीला तिथून बळ मिळते. सुश्रुताने कुष्ठ संसर्गाने पसरते म्हटले तेही सोरायसिसला लावता येत नाही. अठरा प्रकार एका नावाखाली घेतल्यावर असे होणारच. युरोपातही १८४१ मध्ये व्हिएन्नाच्या हेब्राने वेगळा काढीपर्यंत सोरायसिस महारोगाच्या गोंधळात अडकलेलाच होता.

मग आयुर्वेदाचे काय उरते? माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट उरते: बीज जमीन तयार करते, रोग उभा राहायला हेतू, म्हणजे निमित्त, लागतो. मुदखेडच्या फुलमळ्यात हे दिसते. गुलाब तोडताना काटा ओरखडतो आणि ज्याला सोरायसिस आहे त्याच्या ओरखड्यावरच नवा चट्टा उठू शकतो. घरचे म्हणतात, पसरत चालला. ओरखड्यावर चट्टा उठण्याचे हे लक्षण एकोणिसाव्या शतकात जर्मन डॉक्टर केब्नर याने नोंदवले. घशाचा जंतुसंसर्ग, मनावरचा ताण, दारू, तंबाखू, वाढलेले वजन, थंडीत कोरडी पडलेली कातडी हे बाकीचे हेतू. हातमोजे घालणे आणि अंगाला तेल लावणे यात गूढ काही नाही, पण निदानपरिवर्जन, म्हणजे कारण टाळणे, म्हणतात ते हेच.

शोधनाचा, म्हणजे शरीरशुद्धीच्या उपचारांचा, क्रमही याप्य रोगाला शोभेल असाच आहे. संहिताकार वाग्भट पंधरवड्याला वमन, महिन्याला विरेचन आणि सहा महिन्यांनी रक्तमोक्षण सांगतो. एका तडाख्यात रोग उपटून टाकता येतो असे त्याला वाटत असते तर वेळापत्रक कशाला दिले असते? ते आज जसेच्या तसे कोणावर लादावे असे मी म्हणत नाही. रोग्याचे बळ पाहणारा वैद्य हवा. शिवाय सांधे धरू लागले, सगळे अंग लाल झाले किंवा पू भरलेल्या पुळ्या उठल्या, तर काढ्यावर दिवस न घालवता नांदेडला विष्णुपुरीचे शासकीय रुग्णालय गाठावे. चालू असलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून एकदम सोडू नयेत; सोडल्यावर रोग भडकतो, आणि त्याचे खापर मग औषधाऐवजी कुळावर फुटते.

राहिला बैठकीचा प्रश्न. रोग लपवून लग्न लावावे असे माझे म्हणणे नाही, तो सांगावाच. पण आपल्याकडची एक गंमत पाहा. परक्या घरातल्या बापाचे खवले पाहून उठून जाणारे लोक मामाची मुलगी मात्र बिनधास्त करतात, त्या मामाच्याही कोपरांवर तेच चट्टे असताना. गोत्र वेगळे, तेव्हा शास्त्र पाळल्याचे समाधानही असते. पण अशा सोयरिकीत तेच बीज दोन्ही बाजूंनी येऊ शकते. दोन्ही पालकांना सोरायसिस असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता पाहण्यांत ४१ पासून ६५ टक्क्यांपर्यंत निघाली आहे. बीजाची इतकी काळजी असणाऱ्या पाहुण्याने हा आकडा आधी घरच्या सोयरिकीला लावून पाहावा.