फिर्याद कागदावर आलीच पाहिजे

पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढून गेलेला गरीब मनुष्य परत येताना दोहोंपैकी एक वस्तू बरोबर आणतो. एक, अंमलदाराने तोंडी दिलेला धीर. दुसरी, आपल्या फिर्यादीची सहीशिक्क्याची नक्कल. पहिली वस्तू घराच्या उंबरठ्यापर्यंतही टिकत नाही. दुसरी न्यायालयाच्या शेवटच्या पायरीपर्यंत साथ देते. हा भेद आपल्या प्रत्येक घराला, विशेषतः ज्या घरांनी नुकताच धम्म स्वीकारला आहे त्या घरांना, स्वच्छ कळला पाहिजे.

परभणीस वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. तेथे आणि शहरातील महाविद्यालयांत जिंतूर, पालम, सोनपेठ, पूर्णा या तालुक्यांतील आपली मुलेमुली शिकावयास येतात. पुष्कळ घरांतील ती शिकणारी पहिलीच पिढी होय. वसतिगृहात कोणी जातीवरून अपमान केला, अंगावर हात टाकला, तर मूल धाव घेते ते फाटकावरील पहारेकऱ्याकडे. त्याचा गणवेश पाहून आईबापही समजतात की पोलिसांना कळविले. हा समज घातक आहे. आपल्याकडील विद्यापीठाचा पहारेकरी हा पोलीस नव्हे. त्याच्या वहीतील तक्रार ही संस्थेची घरगुती नोंद होय. तिने गुन्ह्याचा तपास सुरू होत नाही. १९९९ च्या महाराष्ट्राच्या रॅगिंगविरोधी कायद्याप्रमाणे लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी केली पाहिजे आणि तथ्य दिसल्यास ती पोलिसांकडे धाडली पाहिजे. परंतु तेथेही अट आहे ती लेखी तक्रारीचीच.

अमेरिकेत अनेक विद्यापीठांना स्वतःचे पोलीस दल असते. १९९० च्या तेथील कायद्यान्वये अशा दलास गुन्ह्यांची दैनिक नोंदवही ठेवावी लागते, कामकाजाच्या दोन दिवसांच्या आत नोंद करावी लागते आणि ती वही कोणाही नागरिकास पाहू द्यावी लागते. आपल्याकडे ठाण्याची वही अशी उघडी नसते. सबब नक्कल मागून घेणे हेच आपल्या हातातील साधन होय.

ठाण्यात गेल्यावर आपले बोलणे कोणत्या वहीत उतरते, हे नीट पाहिले पाहिजे. ठाण्यातील घडामोडींची एक दैनंदिनी असते. अदखलपात्र गुन्ह्यांची नोंद वेगळी. तिला सर्व जण एन. सी. म्हणतात. त्या नोंदीनंतर फिर्यादीस दंडाधिकाऱ्याकडे जाण्यास सांगितले जाते, आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून पोलीस तपास करू शकत नाहीत. तिसरी नोंद प्रथम खबरीची, म्हणजे एफ. आय. आर. ची. तपासाचे चाक फिरते ते या तिसऱ्या नोंदीने. ११२ क्रमांकावर फोन केला, गाडी आली, भांडण थांबले, यात मदत मिळाली खरी. परंतु फिर्याद झाली नाही. मारहाण आणि जातीय अपमानाची गंभीर हकीकत 'किरकोळ बाचाबाची' या दोन शब्दांत एन. सी. मध्ये बसविली जाते, तेव्हा अन्यायाचा अर्धा भाग तेथेच पचून जातो.

कायदा या बाबतीत मुग्ध नाही. सर्वोच्च न्यायालयाने ललिताकुमारी प्रकरणी दि. १२ नोव्हेंबर २०१३ रोजी निःसंदिग्ध सांगितले की, दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यास ती नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे. दि. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, खबर घ्यावीच लागते आणि तिची नक्कल फिर्यादीस विनामूल्य द्यावी लागते. 'ही आमची हद्द नव्हे' हे उत्तर आता कायद्यात बसत नाही.

आता आपल्या धर्मांतरित बंधुभगिनींच्या मनातील एका शंकेकडे वळू. 'तुम्ही बौद्ध झालात, जात सोडलीत. मग जातीवरून अत्याचाराचा कायदा तुम्हांस कसा लागेल?' असा प्रश्न कित्येकांना ऐकावा लागतो आणि ते निरुत्तर होऊन परततात. या प्रश्नाचे उत्तर संसदेने १९९० सालीच दिले आहे. त्या वर्षीच्या दुरुस्तीने अनुसूचित जातींविषयीच्या आदेशात हिंदू व शीख यांच्याबरोबर बौद्ध हा शब्द घातला गेला. मूळ अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्या मनुष्याचे संरक्षण धर्मांतराने गेलेले नाही. आपण जात टाकली. समोरच्याने ती टाकली नाही म्हणून तर अत्याचार होतो. जातीचा दाखला जपून ठेवावाच, परंतु तो त्या क्षणी हाती नाही एवढ्यावरून फिर्याद लिहिण्याचे टाळता येत नाही. त्याची पडताळणी तपासात होते.

१९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ४ ने अधिकाऱ्यावर स्पष्ट कर्तव्ये घातली आहेत. तोंडी हकीकत लिहून घेणे, सही घेण्यापूर्वी ती फिर्यादीस वाचून दाखविणे, गुन्हा नोंदविणे आणि नक्कल ताबडतोब देणे, ही ती कर्तव्ये होत. अनुसूचित जातिजमातीबाहेरच्या अधिकाऱ्याने ती जाणूनबुजून टाळल्यास त्याला सहा महिने ते एक वर्ष कारावासाची तरतूद आहे. २०१८ साली घातलेल्या कलम १८-अ प्रमाणे गुन्हा नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची आवश्यकता नाही. 'आधी चौकशी करू, मग पाहू' हे शब्द या कायद्याखाली चालत नाहीत.

तरीही नोंद किती महाग पडते, ते परभणीनेच पाहिले. दि. १० डिसेंबर २०२४ रोजी रेल्वे स्थानकासमोरील बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि धरपकड झाली. अटक झालेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी होता. न्यायालयीन कोठडीत असता दि. १५ डिसेंबर रोजी तो मरण पावला. त्याच्या आईने दि. १८ डिसेंबर रोजी फिर्याद दिली. ती गुन्हा म्हणून नोंदवावी, एवढा आदेश मिळविण्यास त्या माउलीला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत जावे लागले. तो आदेश झाला दि. ४ जुलै २०२५ रोजी. त्याविरुद्ध शासन सर्वोच्च न्यायालयात गेले, दि. ३० जुलै रोजी तेथेही आदेश कायम राहिला. दोष कोणाचा, हे न्यायालय ठरवील. परंतु नोंदीचा नुसता आदेश मिळण्यास साडेसहा महिने लागावेत, हाच स्वतंत्र अन्याय नव्हे काय? आणि त्या माउलीची फिर्याद तारखेनिशी लेखी नसती, तर उच्च न्यायालयाने नोंदवावयास सांगितले असते तरी काय?

यास्तव आमचे सांगणे असे. ठाण्यात जाताना घटना, वेळ, स्थळ, उच्चारलेले शब्द आणि साक्षीदार यांचे टिपण बरोबर न्यावे. लिहिलेला मजकूर वाचून घेतल्याशिवाय सही अगर अंगठा देऊ नये. अर्ज दिल्यास दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्यावी. नोंद नाकारली तर सर्व हकीकत लिहून टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी व पावती जपावी. तेथेही दाद न लागल्यास शपथपत्रासह दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा. गावच्या वडीलधाऱ्यांनी 'आपसांत मिटवा' म्हटले, तरी मिटवावयाचे की नाही हे ज्याच्यावर आघात झाला त्याने ठरवावे, आणि तेही नोंद झाल्यावर. मात्र जे घडले तेवढेच लिहावे. वाढवून लिहिलेली एक ओळ खऱ्या दहा ओळींचा घात करते.

चवदार तळ्याचा हक्क १९२७ साली ओंजळीने बजावला गेला, पण तो दावा १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात जिंकला गेला. बाबासाहेबांनी दहा वर्षे तो कज्जा सोडला नाही. आपल्यापुढील काम त्या मानाने लहान आहे. ठाण्यातून उठताना एवढेच म्हणावयाचे आहे, 'साहेब, माझी नक्कल द्या.' हे वाक्य प्रत्येक घरातील मुलास आणि मुलीस आजच शिकवावे.