टांगत्या बुट्टीला पाणी कशाने घालावे?

विषय क्षुल्लक आहे, हे मी आधीच कबूल करते. वार्षिक अंकात हुंडा, बेकारी, परीक्षापद्धती अशा भारदस्त विषयांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी कुंड्यांना पाणी घालायच्या दांडीबद्दल लिहिणार आहे. पण याच क्षुल्लक विषयापायी आमच्या भालकीच्या घरी गेल्या उन्हाळ्यात आईचे मनगट मोडले. ओसरीच्या वाशांना सात फुटांवर चार बुट्ट्या टांगलेल्या. (बुट्टी हा शब्द मराठीचा की कन्नडचा, याचा निकाल आमच्या घरात अजून लागलेला नाही. कन्नड विभागाच्या वाचकांनी तो खुशाल आपला समजावा.) आई स्टुलावर चढून तांब्याने पाणी घालायची. एके सकाळी स्टूल कलले. आईच्या हाताला प्लॅस्टर आणि बुट्ट्या माझ्या गळ्यात!

पहिली चूक मीच केली. काकांचा पाठीवरचा फवारणी पंप कोपऱ्यात होता. लांब नळी, बारीक फवारा, फुकटात काम. दोनदा विसळला, पाणी भरले आणि मारले. आठवड्यात सदाफुलीचे शेंडे पिळवटले, खालची तुळसही वाकडी झाली. काकांनी त्याच पंपाने उसात टू-फोर-डी मारले होते. हे तणनाशक गवतवर्गीय पिकाला सोडते आणि रुंद पानाच्या झाडाला धरते. पंपाच्या रबरी नळीत राहिलेला अंशही त्याला पुरतो. आई तुळशीकडे बघून एवढेच म्हणाली, "अगं, मला तरी विचारायचंस." तणनाशकाचा पंप निराळा ठेवावा आणि त्यावर तांबड्या रंगाने तसे लिहावे, ही सूचना मी शेतकरी घरांतल्या सर्व मित्रमैत्रिणींना कळकळीने करते.

मग बाजारात गेले. दुकानदाराने चकचकीत लांब दांड्याचा फवारा दाखवला. टोकाला सात तऱ्हेच्या धारा, मुठीत पिस्तुलासारखा घोडा. खोक्यावरच्या चित्रात एक बाई हसत हसत उंचावरच्या कुंडीला पाणी घालते आहे. पण तिच्या नळाला दाब आहे, आमच्या नळाला कुठे? आमच्याकडे नळ येतो त्याच्या लहरीने. एरवी पाणी गच्चीवरच्या टाकीतले. पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब. आमची टाकी बुट्टीपेक्षा आठ फूट वर, म्हणजे दाब पाव किलोसुद्धा नाही. एवढ्यावर ती बारीक छिद्रांची तोटी नुसती ठिबकते. शेजाऱ्यांकडचा तसलाच फवारा लावून पाहिला, तेव्हा हे कळले आणि पैसे वाचले.

लांब तोटीची झारी जमिनीवरच्या कुंड्यांना उत्तम. पण पाच लिटरची भरलेली झारी म्हणजे पाच किलोंहून जास्त वजन. ते डोक्याच्या वर धरून दाखवावे, मग शिफारस करावी.

शेवटी अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा चार फुटी तुकडा घेतला. टोकाला दोन एल्बो जोडून तोंड खाली वळवले, म्हणजे पाणी बुट्टीत पडते, डोक्यावर नाही. कॉक हाताजवळ बसवला आणि त्याला टाकीची रबरी नळी. आतल्या पाण्याचे वजन पाव किलोच्या आसपास. दुकानातल्या फवाऱ्याच्या किमतीत अशा चार दांड्या होतील. धार मंद आहे, पण बुट्टीला मंदच लागते. तिला चहूकडून वारा लागतो. आतला काथ्या एकदा वाळला की पाणी पीत नाही, ते कडेने निघून जाते. म्हणून चारही बुट्ट्यांना थोडे थोडे घालायचे आणि पाच मिनिटांनी पुन्हा फिरायचे. गळणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून खाली कुंड्या मांडल्या आहेत.

बिदरजवळ नौबादला बहामनी काळातला, 15 व्या शतकातला कारेझ आहे. जमिनीखालून नुसत्या उतारावर पाणी वाहून नेणारा हा बोगदा. त्याला ना पंप, ना वीज. आम्ही तो सहलीत पाहतो, फोटो काढतो आणि घरी येऊन दाबाचा फवारा विकत घेतो. माझे म्हणणे इतकेच, की लांबी शेवटी बघावी. आधी आपले पाणी कुठून आणि किती उंचीवरून येते ते बघावे, आणि दांडी कोणाच्या हातात जाणार ते.

हे दुसरे मीही विसरलेच होते. आईचे प्लॅस्टर निघाले आहे; पण मनगट अजून दुखते, म्हणून ती डाव्या हाताने पाणी घालते. कॉक मी उजव्या हाताच्या सोयीने बसवलेला. रविवारी तो फिरवून बसवायचा आहे.