आयतीचा उरलेला अर्धा भाग

बाळाला पूर्ण दोन वर्षे दूध पाजावे, असे कुरआनच्या सूरह बकरातील २३३व्या आयतीत आहे. लातुरात आमच्या मोहल्ल्यात हे प्रत्येक बाळंतिणीला ऐकवले जाते. सासू ऐकवते, शेजारची खाला ऐकवते, जुम्म्याच्या बयानातही ते येते. पण त्याच आयतीत पुढे काय आहे, हे मात्र कोणी ऐकवत नाही. दूध पाजणाऱ्या आईच्या अन्नवस्त्राचा खर्च बापाने करायचा, मुलापायी आईला त्रास होऊ द्यायचा नाही, दूध तोडायचे तर दोघांच्या सल्ल्याने तोडायचे. ही आयत तलाकच्या संदर्भात आली आहे. म्हणजे वेगळ्या झालेल्या नवऱ्यावरही एवढी जबाबदारी आहे. मग एका छपराखाली राहणाऱ्यावर किती असेल?

प्रत्यक्षात काय दिसते? बाळंतीण सगळ्यांच्या शेवटी जेवते, तेही उरले तर. चाळीस दिवस होण्याआधीच ती धुण्याभांड्यांच्या कामावर परतते. बाळ घरी भुकेने रडते आणि घरातले निदान करून मोकळे होतात, "हिला दूधच नाही." मग डबा येतो. डबा महाग, म्हणून पावडर कमी आणि पाणी जास्त. पाणी तरी कुठले? २०१६च्या एप्रिलमध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरात आपण तान्ह्या बाळाला बाटलीवर ठेवतो. खरे तर पहिले सहा महिने आईच्या दुधावर असलेल्या बाळाला लातूरच्या मे महिन्यातही वरचे पाणी लागत नाही. पाणी आईला प्यायला हवे, आणि भाकरीही तिलाच पोटभर हवी.

सरकारही अर्धेच वाचते. २०१७च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची पगारी रजा आली, पण ती दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांत. शेतमजूर आणि मोलकरीण त्यात कुठे बसतात? २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. २०१७च्या मातृवंदना योजनेत त्याचे पहिल्या बाळापुरते ५,००० झाले. दुसरे बाळ मुलगी असेल तरच मदत, हे पुढे जोडले गेले. दुसरा मुलगा झाला तर त्याच्या आईला भूक लागत नाही काय? बाळाच्या दुधाच्या डब्याची जाहिरात करायला आणि फुकट नमुने वाटायला १९९२च्या कायद्याने बंदी आहे. तरीही माझ्या भाचीच्या बाळंतपणात एका खासगी दवाखान्यात बाळ छातीला लावण्याआधीच डबा आणायला सांगितले गेले.

अडाणी आई म्हणून बोट दाखवणे सोपे आहे, कारण त्यात कोणाच्या खिशाला हात घालावा लागत नाही. आपले लातूर अकरावी-बारावीच्या दोन वर्षांसाठी कर्ज काढते, क्लासची फी भरते आणि 'लातूर पॅटर्न'चा अभिमान मिरवते. त्याच मुलाच्या पहिल्या दोन वर्षांत त्याच्या आईच्या ताटात रोज एक अंडे आणि वाटीभर डाळ ठेवताना मात्र आपला हात आखडतो.

इमामसाहेबांना माझी विनंती आहे. पुढच्या बयानात ही आयत पूर्ण सांगा, आणि बोलताना पुरुषांच्या सफांकडे बघून बोला. मोहल्ल्यातल्या बापांना सांगायचे ते असे: अंगणवाडीतून सहा महिन्यांपुढच्या बाळासाठी मिळणारा शिधा आणायला तुम्ही जा, आणि बायको जेवली का हे स्वतः जेवण्याआधी विचारा. ज्यांच्या घरी आमच्या बायका भांडी घासतात, त्यांनी बाळंतपणात पगार कापू नये. एवढे केल्यावर आईला दोन वर्षांचा हिशेब जरूर विचारा.