कपाटातलं फिजिक्स

आपल्या पोरांना फिजिक्स नको असतं, असं कोल्हापुरातले मास्तर सांगतात. झेपत नाही, डोकं नाही, आर्ट्सला घाला. मनूच्या काळात याला 'अधिकार नाही' म्हणायचे. शब्द बदलला, दार तेच.

साफ खोटं आहे. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न मापापेक्षा थोडं मोठं ठेवायचं, हे शिरोलीच्या फौंड्रीत भट्टीपुढं भाजणाऱ्या बापाकडून पोराला आठवीतच कळलेलं असतं. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे पंचगंगेकाठचं शेंबडं पोरसुद्धा सांगतं. 2019 ला पाणी 55 फुटांवर गेलं ते त्यानं डोळ्यांनी बघितलंय. जितकं खोल तितका पाण्याचा रेटा जास्त, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण तोच रेटा पेपरात खोली गुणिले घनता गुणिले जी होऊन येतो आणि पोर गप्प. वर पुस्तकात 'अपस्करण', 'निकटदृष्टिता'. ही मराठी कुणाच्या घरात बोलतात रं? तिच्याशी दहावीपर्यंत झुंजायचं, आणि अकरावीला सायन्स एकदम इंग्रजीत.

माझ्या शाळेत प्रिझम, भिंगं, व्होल्टमीटर सगळं होतं. काचेच्या कपाटात, कुलपात. हात लावायचा नाही, लांबून बघायचं. हे 'लांबून' आपल्या आज्ज्यानं पाणवठ्यावर ऐकलंय. 1919 साली शाहूंनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या, पोर एका वर्गात आलं. कपाट बंदच राहिलं. तपासणी आली की धूळ पुसायला मात्र आम्ही. जर्नल गाईडावरून उतरवायचं, न केलेल्या प्रयोगाची निरीक्षणं लिहायची. 1927 ला महाडला एक पोथी जाळली, आणि आपण ही दुसरी पाठ करत बसलोय.

मग म्हणतात, आवड लागते. जयंत नारळीकर 1938 साली याच कोल्हापुरात जन्मले. वडील बनारसला गणिताचे प्राध्यापक, घरात गणितं घालायला फळा. माणूस मोठा, वादच नाही. पण भिंतीवर फळा असला की आवड लागते, हे मास्तर कधी बोलत नाहीत. 1920 ला माणगावात बाबासाहेब उभे राहिले, त्याच साली मेघनाद साहानं ताऱ्यांच्या तापमानाचं कोडं सोडवणारं समीकरण मांडलं. हा किराणा दुकानदाराचा पोर. कलकत्त्याच्या हॉस्टेलात वरच्या जातीची पोरं त्याला पंगतीला घेत नव्हती. दहावीपर्यंत त्याचं नाव मला एका मास्तरानं सांगितलं नाही.

आणि आपले काही दोस्त! फिजिक्स त्यांचं, आपण कविता करू म्हणतात. करा की, मीही करतो. पण तुम्ही सोडलेल्या बाकावर कोण बसतं, तेही बघा.

जूनमध्ये शाळा उघडली की आपापल्या जुन्या शाळेत जा. चौघंजण जा. हेडमास्तरला विचारा, गेल्या वर्षी कपाट किती वेळा उघडलं? नोंदवही दाखवा म्हणावं.