बावन्न वर्षांच्या किल्ल्या

मॉस्कोच्या पुश्किन ललितकला संग्रहालयाला १९६१ पासून २०१३ पर्यंत एकच संचालक होत्या. त्यांचं नाव इरिना अँतोनोव्हा. त्यांच्यानंतरच्या बारा वर्षांत त्याच खुर्चीवर तीन जणी येऊन बसल्या. युक्रेनवरच्या आक्रमणाला वर्ष होत होतं तेव्हा, २०२३ च्या फेब्रुवारीत, मॉस्कोतल्याच त्रेत्याकोव्ह गॅलरीच्या झेल्फिरा त्रेगुलोवा यांना मुदतवाढ न देता निरोप देण्यात आला. गॅलरीतलं प्रदर्शन राष्ट्राच्या नैतिक मूल्यांना धरून नाही, अशी एका प्रेक्षकाची तक्रार आली होती आणि तिच्यावरून मंत्रालयाने खुलासा मागवला होता. मार्चमध्ये पुश्किनच्या मरीना लोशाक पायउतार झाल्या. जूनमध्ये त्रेत्याकोव्हमधलं आंद्रेई रुब्लेव्हचं पंधराव्या शतकातलं 'ट्रिनिटी' हे चित्र, तज्ज्ञ नको नको म्हणत असताना, चर्चच्या हवाली झालं.

अशा बातम्या वाचल्या की अँतोनोव्हाबाई असत्या तर हे होऊ दिलं असतं का, असा विचार मनात येतोच. पण तो विचार जरा तपासून घ्यायला हवा. क्रुश्चेव्ह, ब्रेझनेव्ह, अँड्रोपोव्ह, चेर्नेन्को, गोर्बाचेव्ह, येल्त्सिन, पुतिन. राज्यकर्ते आले नि गेले, एक तर जाऊन पुन्हा आला. बाई जागच्या जागी. बँकेत आमची दर तीन-चार वर्षांनी बदली होई. बायकोमुलांना तो छळ वाटे, पण त्यामागे शहाणपण होतं. एकाच स्ट्राँगरूमच्या किल्ल्या एकाच माणसाकडे फार दिवस राहू नयेत. ते तत्त्व लावलं तर बावन्न वर्षं हा विक्रम कौतुकाचा की काळजीचा?

इरिना अलेक्झांद्रोव्हना यांचा जन्म १९२२ चा, मॉस्कोतला. वडील जुने बोल्शेव्हिक. त्यांच्या नोकरीमुळे मुलीची काही वर्षं जर्मनीत गेली. ती जर्मन शिकली, आणि हिटलर सत्तेवर आला तेव्हा कुटुंब मायदेशी परतलं. युद्धात तिने इस्पितळात परिचारिकेचं काम केलं. १९४५ च्या एप्रिलमध्ये, बर्लिन पडायला काही आठवडे उरले असताना, ती पुश्किन संग्रहालयात नोकरीला लागली. या तारखेला फार महत्त्व आहे, कारण त्यानंतर लगेचच तिथे जर्मनीहून पेट्या येऊ लागल्या.

त्या आधी या इमारतीविषयी थोडं. इव्हान त्स्वेतायेव्ह या प्राध्यापकाने, म्हणजे कवयित्री मरीना त्स्वेतायेव्हा हिच्या वडिलांनी, पैसे जमवून ती उभी केली आणि १९१२ मध्ये ती उघडली. आत होतं काय, तर मुख्यतः ग्रीक-रोमन नि युरोपीय शिल्पांच्या प्लॅस्टरमधल्या प्रतिकृती. ज्या विद्यार्थ्यांना रोम-अथेन्सला जाणं परवडत नाही, त्यांनी इथे येऊन शिकावं, हा साधा हेतू. त्या घरात एके दिवशी राफाएलची खरीखुरी 'सिस्टाइन मॅडोना' येऊन उतरली. ड्रेस्डेनच्या गॅलरीची चित्रं लाल सैन्याने सॅक्सनीतून शोधून आणली होती. पेट्या उघडल्या जात असताना तिथे हजर असलेल्यांत ही तेवीस वर्षांची मुलगी होती.

ती चित्रं दहा वर्षं कुलुपात राहिली. १९५५ मध्ये ती पूर्व जर्मनीला परत करायचं ठरलं, तेव्हा आधी मॉस्कोकरांना दाखवण्यात आली आणि बारा लाखांवर माणसांनी ती पाहिली. मधल्या काळात, १९४९ पासून १९५३ पर्यंत, संग्रहालयातली कला बाजूला सारून तिथे स्टालिनला सत्तराव्या वाढदिवसानिमित्त आलेल्या भेटवस्तू मांडलेल्या होत्या! ज्या संस्थेत नोकरीची पहिली वर्षं अशी जातात, तिथला माणूस एक गोष्ट पक्की शिकतो: भिंतीवर काय लागायचं हे कलेवर ठरत नाही, वरच्या सहीवर ठरतं. आणि सही कशी मिळवायची हेही हुशार माणूस शिकतो.

अँतोनोव्हा हुशार होत्या. १९६१ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, त्या संचालक झाल्या. १९७४ मध्ये 'मोनालिसा' टोकियोच्या प्रदर्शनाहून पॅरिसला परत जाणार होती. वाटेत मॉस्को आहे, मग थांबवून का घेऊ नये? त्यांनी सांस्कृतिक मंत्री येकातेरिना फुर्त्सेवा यांना गळ घातली आणि मोनालिसा उतरली. तीन लाखांवर लोक रांगेत उभे राहून, क्षणभर का होईना, तिला पाहून गेले. १९८१ मध्ये 'मॉस्को-पॅरिस' हे प्रदर्शन त्यांनी आपल्या दालनांत घेतलं. मालेविच, कांदिन्स्की ही नावं तोवर सोव्हिएत संग्रहालयांच्या तळघरात ठेवण्याची होती. त्याच वर्षी पियानोवादक स्व्यातोस्लाव रिख्तर यांच्यासह त्यांनी 'डिसेंबरच्या संध्याकाळी' हा संगीतोत्सव संग्रहालयातच सुरू केला. १९८७ मध्ये शगालचं प्रदर्शन भरलं. आपल्याकडे सोव्हिएत पुस्तकांच्या प्रदर्शनांत चित्रांची पुस्तकं स्वस्तात मिळत. मातीस, सेझान, गोगॅं यांची ओळख माझ्या पिढीतल्या कित्येकांना तिथेच झाली. ही चित्रं रशियात कशी, असा प्रश्न तेव्हा आम्हाला पडलाच नाही.

ती श्चुकिन आणि मोरोझोव्ह या मॉस्कोच्या कापडवाल्या धनिकांनी क्रांतीपूर्वी पॅरिसहून विकत आणलेली. क्रांतीने ती सरकारजमा केली. त्यांचं वेगळं संग्रहालय झालं आणि १९४८ मध्ये स्टालिनच्या सहीने ते मोडण्यात आलं. चित्रं वाटून टाकली, काही पुश्किनला, काही लेनिनग्राडच्या हर्मिटाजला. दोन भावांत घर वाटलं जावं आणि भिंत नेमकी देवघरातून जावी, तसं ते झालं.

इथवर ही बाई आपल्याला आवडते. आता दुसरी बाजू.

बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयाजवळच्या विमानविरोधी तोफांच्या बुरुजात युद्धकाळात काही पेट्या ठेवल्या होत्या. त्यांत हाइनरिश श्लीमानने १८७३ मध्ये तुर्की मुलखात हिसारलिकला खणून काढलेलं, आणि गुपचूप बाहेर नेलेलं, 'ट्रॉयचं सोनं' होतं. (ते होमरच्या प्रियाम राजाचं नव्हे, त्याहून हजारेक वर्षं जुनं, हे नंतर सिद्ध झालं.) बर्लिन पडलं तेव्हा संग्रहालयाचे प्रमुख विल्हेल्म उन्फरत्साग्त पेट्यांपाशीच थांबले आणि मे १९४५ मध्ये त्यांनी त्या सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या ताब्यात दिल्या. तिथून सोनं मॉस्कोला, पुश्किनच्या गुप्त कोठारात गेलं. त्यानंतर जगाच्या लेखी ते नाहीसंच झालं. वितळलं असेल, चोरीला गेलं असेल, असे तर्क विद्वान करत राहिले. १९९१ मध्ये अकिन्शा आणि कोझलोव्ह या दोन तरुण कलाभ्यासकांनी एका अमेरिकन नियतकालिकात गौप्यस्फोट केला. १९९३ मध्ये रशियाने ते सोनं आपल्याकडे असल्याचं मान्य केलं. १९९६ च्या एप्रिलमध्ये ते प्रदर्शनात मांडलं गेलं, ते अँतोनोव्हा यांच्याच संग्रहालयात. म्हणजे संचालक म्हणून निदान तीस वर्षं ज्या वस्तूची किल्ली त्यांच्याकडे होती, तिच्याबद्दल त्यांनी जगाला अवाक्षर कळू दिलं नाही.

त्यांच्या बाजूने पुष्कळ बोलता येतं. ते सरकारी गुपित होतं, आणि स्टालिनच्या हयातीत तोंड उघडण्याची किंमत काय होती ते सर्वांना ठाऊक आहे. शिवाय परत न देण्यामागचा त्यांचा युक्तिवाद पोकळ नव्हता. जर्मन सैन्याने पीटरहॉफ जाळला, नोव्हगोरोदची चर्चेस उद्ध्वस्त केली, अंबर दालन नेलं ते आजतागायत सापडलेलं नाही. अडीच कोटींहून अधिक सोव्हिएत माणसं मेली. ज्याने हे केलं त्याने काही तरी भरपाई द्यावी, हे म्हणणं युद्धात जखमा बांधलेल्या बाईच्या तोंडी मला तरी खटकत नाही. १९९८ च्या कायद्याने रशियाने तेच अधिकृत धोरण केलं. येल्त्सिन यांना तो कायदा नको होता, पण संसदेने आणि घटनात्मक न्यायालयाने त्यांना सही करायला लावली.

पण भरपाई मागायची तर ती उघड मागावी लागते. ठेवून घेणं आणि दडवून ठेवणं यांत फरक आहे. सोनेतारणाचं पाकीट बँकेने विकणं यात गैर काही नाही, रीतसर नोटीस दिलेली असली की झालं. पाकीट तिजोरीत असताना ते आलंच नाही असं म्हणणं हा गुन्हा, मग आतला एक मासादेखील कमी झालेला नसो. अँतोनोव्हांच्या कोठारातलं काही हललं नाही, बिघडलं नाही, हे खरं. इतकी चोख राखण युरोपात थोड्यांनी केली असेल. पण ट्रॉयवर आयुष्य घालवणाऱ्या संशोधकांच्या पिढ्या ते दागिने हाती न घेता संपल्या. वस्तू वाचली आणि तिचा उपयोग बुडाला. मोनालिसासाठी मंत्र्यांच्या दारात बसणारी बाई या सोन्यासाठी एकदाही बसली असेल असं दिसत नाही. सोव्हिएत संघ संपला, त्यानंतरही कोठाराचं दार आतून उघडलं नाही, बाहेरून ठोठवावं लागलं.

शेवट मात्र त्यांनी स्वतःच ओढवून घेतला. एप्रिल २०१३ मध्ये दूरदर्शनवर पुतिन लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत होते. एक्याण्णव वर्षांच्या अँतोनोव्हांनी त्यांना थेट विचारलं: स्टालिनने मोडलेलं ते संग्रहालय मॉस्कोत पुन्हा उभं करा, हर्मिटाजकडची चित्रं परत आणा. ही मागणी नैतिकदृष्ट्या बिनतोड वाटते. पण हर्मिटाजचे मिखाईल प्योत्रोव्स्की खवळले. एकदा संग्रह फोडायला लागलात तर देशातलं कुठलं संग्रहालय शाबूत राहील, असा त्यांचा सवाल. ऐतिहासिक अन्याय झाला म्हणून सत्तर वर्षांनी वस्तू मूळ जागी परत, हे तत्त्व अँतोनोव्हा लेनिनग्राडला लावत होत्या आणि बर्लिनला नाकारत होत्या, हे त्यांच्या लक्षात आलं नसेल असं मी मानत नाही. सरकारने मागणी फेटाळली आणि इंटरनेटवरच्या आभासी संग्रहालयावर समाधान मानायला सांगितलं. जुलैमध्ये लोशाक संचालक झाल्या, अँतोनोव्हांना मानाचं अध्यक्षपद मिळालं. ३० नोव्हेंबर २०२० रोजी, कोविडच्या साथीत, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या.

ट्रॉयचं सोनं आजही मॉस्कोचंच आहे. बर्लिनच्या नॉयेस म्युझियममध्ये त्या दागिन्यांच्या प्रतिकृती मांडल्या आहेत. प्रतिकृतींच्या संग्रहालयाला अस्सल माल मिळाला आणि अस्सल मालाच्या संग्रहालयाला प्रतिकृती. त्स्वेतायेव्ह प्राध्यापकांना याची गंमत वाटली असती की लाज, कोण जाणे.